विमानाचे अंतर व घड्याळाचा घोटाळा

कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. आकाशात घरघर होताच वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात, हा अनुभव त्या भागातील शिक्षकबंधु-भगिनींस आहेच. अशा वेळी मुलांवर न रागावता शाळेचा पृथ्वीगोल व हातभर दोरा पुढे घ्यावा. घड्याळाचा घोटाळा दूरच्या प्रवासातच ध्यानी येतो, म्हणून मुंबई ते लंडन हे उदाहरण निवडावे.

प्रथम दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. ते म्हणजे पृथ्वीचा ४०,००० किलोमीटरांचा परिघ. नंतर मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरावा. तो सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. त्रैराशिकाने अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते. ही मोजणी भिंतीवरील नकाशावर करू नये; गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना अंतरे बिघडतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. तोच मार्ग मुलांकडून मोजून घ्यावा. दोरा दीड-दोन सेंटिमीटरांनी वाढेल.

ताशी ८५० किलोमीटर वेग धरल्यास सरळ मार्गास साडेआठ तास पुरावेत. प्रत्यक्षात नऊ-दहा तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, काही प्रदेश टाळून वळसा घेणे, यांत वेळ जातो.

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी वर्गात गणित घातले : विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला सायंकाळी ५॥ वाजता पोहोचले, प्रवास किती तासांचा? माझे उत्तर साडेचार तास. एका मुलीने ‘दहा तास’ लिहिले. मी शून्य दिले व कारणही विचारले नाही. ती म्हणाली, “गुरुजी, तिथे सूर्य उशिरा उगवतो ना?” भूगोल मीच शिकवला होता!

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरून, तर लंडनची हिवाळ्यातील वेळ शून्य रेखावृत्तावरून ठरते. ८२॥ भागिले १५, म्हणजे साडेपाच तास. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. माझ्या गणितात ऋतू हिवाळ्याचा होता. साडेचारात साडेपाच मिळवले की मुलीचे दहा तास येतात. तिचे गुण मी दुसऱ्या दिवशी दिले, पण वर्गासमोर द्यावयास हवे होते.

परतीचे गणित मुलांवर सोपवावे : हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी ११॥ वाजता उतरले. घड्याळे साडेचौदा तास दाखवितात. साडेपाच वजा केल्यावर उरतात नऊ. येताना एक तास कसा वाचला, हे कोणी विचारलेच, तर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांची माहिती तेथेच द्यावी.