पतिरूप जोडीदार : आंतरधर्मीय विवाहाचा धम्मदृष्टीने विचार

निवासी शाळेत वाढलेली मुले-मुली पुढे महाविद्यालयात, नोकरीत, महानगरांत जातात. तेथे त्यांचा नाना जातिधर्मांच्या समवयस्कांशी परिचय होतो आणि त्या परिचयातून कधी विवाहाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घरात होणारा संघर्ष केवळ चांगल्या-वाइटाचा नसतो. एकीकडे सज्ञान व्यक्तीचे निवडीचे स्वातंत्र्य असते, तर दुसरीकडे मोठ्या त्यागाने स्वीकारलेला धम्म पुढील पिढीत टिकावा ही आईवडिलांची तळमळ असते. या दोहोंचा विचार धम्मग्रंथ आणि देशाचा कायदा यांच्या आधारे करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पालकांची चिंता

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ज्या आजी-आजोबांनी घरातील देव्हारा उतरवून तेथे तथागतांची प्रतिमा ठेवली, त्यांच्या नातीला सासरी पुन्हा व्रतवैकल्ये करावी लागतील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख असून त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. अल्पसंख्य समाजाला आपली ओळख जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय समोरच्या घराचा नकार वरवर धर्माच्या नावाने आला, तरी त्याचे मूळ अनेकदा जातीत असते. तो अपमान पालकांनी स्वतः सोसलेला असतो.

मात्र हाच निकष आपल्यालाही लावावा लागेल. स्थळ पाहताना ‘आपल्यातलाच हवा’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘आपला’ म्हणजे धम्माचे आचरण करणारा, की धर्मांतरापूर्वीच्या त्याच पोटजातीतला, हे प्रामाणिकपणे तपासले पाहिजे.

‘पतिरूप’ म्हणजे कोण?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : अपत्यांना पापापासून परावृत्त करणे, सन्मार्गाला लावणे, विद्या-शिल्प शिकवणे, पतिरूप म्हणजे अनुरूप जोडीदाराशी विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. विवाहात पालकांना स्थान आहे, हे यावरून स्पष्ट होते. अनुरूपतेची कसोटी मात्र अंगुत्तरनिकायातील समजीवी सुत्तात सापडते. नकुलपिता व नकुलमाता या वृद्ध दांपत्याने तथागतांना विचारले, की या जन्मी व पुढेही आम्हाला एकमेकांचा सहवास कसा लाभेल? उत्तरात तथागतांनी चार समानता सांगितल्या : श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. या चौघांत कुळ नाही, वर्ण नाही, संपत्तीही नाही.

येथे शंका येईल, की ‘समान श्रद्धा’ म्हणजे समान धर्मच नव्हे काय? श्रद्धेचा प्रश्न गौण मानता येणार नाही. ज्याच्या श्रद्धेनुसार जोडीदार जन्माने हीन ठरतो, त्याच्याशी सहजीवन अनुरूप होऊच शकत नाही. परंतु केवळ दाखल्यावरील धर्म एक असल्यानेही ही समानता येत नाही. ‘बौद्ध स्थळ’ म्हणून पसंत केलेला वर मद्यपी असेल, हुंडा मागत असेल, तर त्याच्यात ना पंचशील आहे, ना त्याग. म्हणून या चार समानता दोन्ही बाजूंना लावाव्यात : परधर्मीय जोडीदारालाही आणि स्वधर्मीय स्थळालाही.

विशाखेचे सासर

धम्मपद अट्ठकथेतील विशाखेची कथा या संदर्भात मननीय आहे. साकेतच्या धनंजय श्रेष्ठीची ही कन्या श्रावस्तीच्या मिगार श्रेष्ठीच्या घरी सून म्हणून गेली. माहेर बुद्धाचे उपासक, तर सासरा निर्ग्रंथांचा अनुयायी. एकदा भिक्खू दारी उभे असता मिगार न पाहिल्यासारखे करून जेवत राहिला. तेव्हा, “माझे सासरे शिळे खात आहेत,” असे सांगून विशाखेने भिक्खूंना पुढे जाण्यास सुचवले. संतापलेल्या मिगाराने तिला घराबाहेर काढण्याची आज्ञा केली.

पण धनंजयाने कन्येसोबत आठ कुटुंबप्रमुख पाठवले होते. तिच्यावर आरोप आला तर त्यांनी निवाडा करावा, अशी व्यवस्था होती. त्यांच्यासमोर विशाखेने अर्थ सांगितला, की सासरे नवे पुण्य न करता जुन्याच पुण्याचे फळ भोगत आहेत. आठांनी तिला निर्दोष ठरवले. त्यानंतर ती स्वतःच निघण्यास सिद्ध झाली, तेव्हा मिगाराने क्षमा मागितली. भिक्खुसंघाची सेवा करता यावी, या अटीवर ती राहिली.

पुढे मिगारही उपासक झाला, म्हणून ही कथा सहसा सासऱ्याच्या परिवर्तनाची म्हणून सांगितली जाते. परंतु पालकांसाठी तिचे मर्म त्या आठ माणसांत आहे. धनंजयाने भिन्न श्रद्धेच्या घरात मुलगी दिली, पण तिला एकटी सोडली नाही. तिची बाजू ऐकली जाईल याची तजवीज त्याने केली. विशाखेनेही आपली श्रद्धा लपवली नाही. अट स्पष्टपणे मांडली.

कायद्याचा आधार

१८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली आरंभी वधूवरांना आपण प्रमुख धर्मांपैकी कोणताही मानत नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापला धर्म न नाकारता परस्परांत विवाह करण्याची मुभा मिळाली. १९५४ चा विशेष विवाह कायदा १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. त्यानुसार कोणत्याही धर्माच्या दोन व्यक्ती धर्मांतर न करता विवाह करू शकतात. वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण हवे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत आक्षेप घेता येतो. परंतु तो वय, आधीचा विवाह, मानसिक सक्षमता व निषिद्ध नाते यांसारख्या कायदेशीर अटींपुरताच. जात, धर्म किंवा नातेवाइकांची नाराजी हा आक्षेप होऊ शकत नाही. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. बौद्ध-हिंदू विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीही होऊ शकतो, कारण तो कायदा बौद्धांनाही लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंग प्रकरणात आणि २०१८ मध्ये शक्ती वाहिनी व शफीन जहाँ प्रकरणांत सज्ञान व्यक्तीचा जोडीदार निवडण्याचा हक्क मान्य केला आहे.

घराने काय करावे?

स्वतः बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात आंतरजातीय विवाहाला जातिभेदावरील खरा उपाय मानले आणि १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो वारसा मानणाऱ्या घराला केवळ ‘परजातीचा, परधर्माचा’ म्हणून दार बंद करता येणार नाही. मुलांनीही लग्नाआधी काही गोष्टी स्पष्टपणे बोलून घ्याव्यात : विधी कोणत्या पद्धतीने होईल, धर्मांतराचा आग्रह आहे का, अपत्यांची नावे व संस्कार कसे असतील, पत्नीचे शिक्षण व मिळकत कोणाच्या हाती राहील, जातीवरून अपमान झाल्यास जोडीदार कोणाच्या बाजूने उभा राहील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल, तर थांबून विचार करणेच शहाणपणाचे.

आणि निवड अखेर मनाविरुद्ध झाली, तरी माहेरचा उंबरठा खुला ठेवावा. दुरावलेल्या मुलीवर संकट आले तर ती कोणाकडे जाईल? तिच्या बाजूने बोलणारे ‘आठ जण’ तिच्या घरातच असले पाहिजेत.

मननासाठी प्रश्न

१. ‘चांगले स्थळ’ ठरवताना आपल्या घरात कोणते निकष लावले जातात? त्यांपैकी किती त्या चार समानतांमध्ये बसतात?
२. विशाखेने घातलेली अट आजच्या सुनेने कोणत्या शब्दांत मांडावी?
३. धम्माची ओळख पुढील पिढीत टिकवण्यासाठी विवाहाच्या निवडीपेक्षा घरातील रोजचे आचरण किती उपयोगी पडते?