जलाशयाची सहल : हिंगणी परिसरातील एक पाठ

सहल म्हणजे अभ्यासास दिलेली सुटी नव्हे. वर्गाच्या चार भिंतींबाहेर घेतलेला तो एक पाठच होय. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. शिक्षणाची सांगड मुलाच्या भोवतालच्या परिस्थितीशी आणि हस्तव्यवसायाशी घातली जावी, हा विचार तेथे मांडला गेला. त्याच जिल्ह्यातील मुलांनी दूरदेशीच्या सरोवरांची नावे पाठ म्हणावीत, आणि गावाजवळचे पाणी कोठून येते व कोठे जाते हे मात्र त्यांस सांगता येऊ नये, हे उचित नव्हे.

परिसराचा परिचय

सेलू तालुक्यातील हिंगणीजवळ बोर नदीवर मातीचे धरण आहे. त्याचे बांधकाम १९६५ साली पूर्ण झाले. सभोवतालच्या वनास १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. विस्ताराने हा देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. साग, बांबू व तेंदू यांच्या या वनात वाघाखेरीज बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ आणि रोही हे प्राणी आढळतात. लांबून प्रवासी हे वन पाहण्यास येतात. जवळपासच्या कित्येक मुलांनी मात्र ते समजून घेण्याच्या दृष्टीने कधी पाहिलेले नसते.

जलाशय म्हणजे निसर्गतः झालेले सरोवर नव्हे, हा भेद मुलांस आरंभीच समजावून द्यावा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने पडलेल्या विवरात आहे. भंडारा व गोंदिया या भागांतील जुने तलाव गावकऱ्यांनी शेतीसाठी बांधले. बोरचा जलाशय नदी अडवून निर्माण झाला. तिन्ही ठिकाणी पाणी सारखेच दिसते, परंतु त्यांची उत्पत्ती निराळी.

पूर्वतयारी

सहलीपूर्वी आठवडाभर मुलांकडून प्रश्न काढवून घ्यावेत. धरणाच्या भिंतीस आतील बाजूने दगड का लावतात? सांडवा नसता तर काय झाले असते? कालव्याचे पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोहोचते? चार-चार मुलांच्या टोळीस एक-एक प्रश्न नेमून द्यावा. प्रश्न बरोबर नेणारा विद्यार्थी उत्तर शोधीत चालतो. इतरांचे लक्ष शिदोरीकडेच लागून राहते.

पालकांची लेखी संमती आणि संबंधित खात्यांची परवानगी आधीच घ्यावी. व्याघ्र प्रकल्पात मनास येईल तेथे पायी हिंडता येत नाही. वनखात्याने नेमून दिलेली वेळ, वाहन व मार्गदर्शक यांचे बंधन पाळावे लागते. वर्गणी अशी असावी की पैशांअभावी एकही मूल मागे राहू नये. तसे होत नसेल, तर वनातील फेरी सोडून द्यावी व केवळ कालवा दाखवून आणावा. निम्म्या वर्गाने वाघ पाहण्यापेक्षा साऱ्या वर्गाने कालवा पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

प्रत्यक्ष निरीक्षण

काठावर पोहोचताच व्याख्यान देऊ नये. प्रथम पाच मिनिटे सर्वांनी निःशब्द उभे राहावे आणि काय दिसले, काय ऐकू आले, ते नंतर सांगावे. पाणी ओसरल्यावर काठावर राहिलेल्या खुणा मुलांच्या दृष्टीस आणून द्याव्यात. पावसाळ्याअखेरचे पाणी व उन्हाळ्यातील पाणी यांतील अंतर त्यांवरून कळते. हिवाळ्यात स्थलांतर करून येणारी बदके, तसेच बगळे व पाणकावळे यांचे निरीक्षण दुरूनच करावे. माकडांस खाऊ घालू नये. पाने, पिसे वा दगड गोळा करू नयेत.

पाण्याविषयी सावधगिरी

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. विहिरीस काठ असतो, नदीचा उतार ओळखीचा असतो. जलाशयाचा तळ मात्र डोळ्यांस दिसत नाही. काळ्या मातीचा गाळ वरून वाळलेला भासतो, पण पाय आत रुततो. म्हणून कोणत्याही मुलास पाण्यात उतरू देऊ नये. पोहता येणाऱ्यासही अपवाद करू नये. दहा मुलांमागे निदान एक प्रौढ मनुष्य असावा, आणि निघताना, पोहोचताच, जेवणानंतर व परतताना गणती घ्यावी. लांब दोर बरोबर ठेवावा. कोणी बुडत असल्यास मागोमाग उडी घेऊ नये. काठावरूनच दोर, काठी किंवा धोतर फेकावे व मदतीस हाक मारावी, हे मुलांस शाळेतच करून दाखवावे. बुडणाऱ्यास वाचविण्यास गेलेला सोबतीही दगावतो, हे त्यांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

शाळेत परतल्यावर

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टोळीने आपल्या प्रश्नाचे उत्तर वर्गापुढे मांडावे. भूगोलाच्या तासास नदी, धरण, कालवा व शेते यांचा नकाशा काढवावा. गणितासाठी शाळेचेच छप्पर घ्यावे. २० मीटर लांब व १० मीटर रुंद छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला, तर २ घनमीटर, म्हणजे २,००० लिटर पाणी पडते. याच मापाने एक हेक्टर शेतावर १ लाख लिटर पाणी पडते. मग डोंगरउतारांवरील पाणी एकत्र होऊन जलाशय कसा भरतो, हे मुले आपणच सांगू लागतात.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. धरणे व अभयारण्ये यांसाठी काही कुटुंबांस आपले गाव सोडावे लागते. अशा घरातील मूल वर्गात असेल व बोलण्याची त्याची इच्छा असेल, तर त्यास आजी-आजोबांकडून ऐकलेली हकीकत सांगू द्यावी. कालव्याच्या पाण्यावर ज्याचे शेत पिकते, त्या मुलानेही ती ऐकावी. पाण्याचे मोल लिटरांत मोजता येते. त्यासाठी कोणी काय सोडले, हे मात्र ऐकूनच समजून घ्यावे लागते.