जुनी सीडी, लिनक्स आणि वाईनमधली डीएलएलची गडबड



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. आमच्या कोल्हारच्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं चाललं. अडलं ते गणिताच्या सरावाच्या जुन्या सीडीवर. ती बनवणारे आता सापडत नाहीत, आणि पोरं तर रोज विचारतात, "सर, ती गुणाकाराची गाडी कधी लावणार?"

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायला वाईन वापरतात. हे काम १९९३ पासून चालू आहे. पहिली पक्की आवृत्ती १.० यायला २००८ उजाडलं. वाईनमध्ये विंडोज नसतं. प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो, ते वाईन स्वतःच्या पद्धतीने पुरवतं.

आता डीएलएल म्हणजे काय? ऑफिसच्या कपाटातला नकाशा समजा. प्रत्येक वर्गाला वेगळा घेत नाही, ज्याला लागेल तो नेतो. डीएलएल ही अशीच सामायिक फाईल. समजा, कपाटात ३६ जिल्ह्यांचा नवा नकाशा आहे, पण तुमचा पाठ १ ऑगस्ट २०१४ च्या, म्हणजे पालघर जिल्हा होण्याच्या आधीचा आहे. त्यात ३५ जिल्हे मोजायला सांगितलेत. नकाशा बरोबर, पाठही त्याच्या जागी बरोबर, तरी वर्गात गोंधळ! अशा वेळी 'या पाठाला जुना नकाशा द्या' असं सांगणं म्हणजे ओव्हरराइड. वाईनची स्वतःची फाईल ती 'बिल्टइन', मूळ विंडोजची ती 'नेटिव्ह'.

आमची सीडी आधी उघडेचना. टर्मिनलमधून चालवल्यावर कळलं, एमएफसी४२ ही फाईल सापडत नाही. ही फाईल वाईनकडे स्वतःची नसतेच, त्यामुळे इथे क्रम बदलून काही होत नाही, फाईलच आणावी लागते. 'वाईनट्रिक्स'मधून ती बसवली. प्रोग्राम उघडला, पण प्रश्नाची चौकट कोरी! ही तक्रार वेगळी. इथे रिचएड२० ही फाईल होती, फक्त प्रोग्रामला वाईनची पटत नव्हती. तीही वाईनट्रिक्सने आणली.

इथे माझी चूक झाली. वाईनट्रिक्सने तो बदल सगळ्याच प्रोग्रामसाठी लावला होता आणि मी तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा, चांगला चालणारा प्रोग्राम बंद पडला. एका पाठासाठी अख्ख्या शाळेचे नकाशे बदलल्यासारखं झालं ते. मग वाईनच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररीज'मधून तो सर्वांसाठीचा ओव्हरराइड काढला, 'ॲप्लिकेशन्स'मध्ये फक्त सीडीचा प्रोग्राम जोडला, तो निवडून पुन्हा 'लायब्ररीज'मध्ये रिचएड२० घेतली आणि क्रम 'आधी नेटिव्ह, मग बिल्टइन' असा केला. दोन्ही प्रोग्राम चालू झाले. त्याहून सोपं म्हणजे अशा सीडीसाठी वाईनचं वेगळं फोल्डर, म्हणजे 'प्रिफिक्स', करायचं.

कर्नल३२, एनटीडीएलएल, युजर३२, जीडीआय३२ यांना मात्र हात लावू नका, त्या वाईनच्याच लागतात. आणि फुकट डीएलएल देणाऱ्या साइटवरून फाईल घेऊ नका, सोबत व्हायरस येऊ शकतो.

फाईल हाताने ठेवणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. ६४ बिटच्या प्रिफिक्समध्ये ३२ बिटची फाईल 'सिस्टम३२' मध्ये जात नाही, 'सिसवाव६४' मध्ये जाते. नावं अगदी उलटी वाटतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.