वाघ सोडून कावळाच का पाहतो?

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा, नात सहाची. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना राणीच्या बागेत नेलं. लोकलने भायखळा, पुढे उन्हातून चालत, एवढा खटाटोप करून पोचलो, तर वाघ झाडीत कुठेतरी झोपलेला. नातवाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नळाशी एक कावळा पावाचा तुकडा पाण्यात बुडवून खात होता, त्याच्यापुढे मात्र तो फतकल मारून बसला तो उठेचना. आता बालवाडीच्या ताई म्हणतात, पुन्हा नेण्याआधी आठवडाभर घरी 'प्राणी' हाच विषय घ्या. खेळ, चित्रं, गोष्टी, सगळं त्यावरच. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, तरी आम्हाला वाघ दिसायचा. याचा खरंच उपयोग होतो, की हे एक नवं खूळ? येत्या बुधवारी सुनेला सुट्टी आहे, तेव्हा पुन्हा जायचा बेत आहे. – एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत. नातू वाघ सोडून कावळा का बघत बसला, हा एक. तुम्हाला शिकवणीशिवाय वाघ दिसला, मग या मुलांना ती कशाला, हा दुसरा. दुसरा आधी घेतो, म्हणजे पहिला आपोआप सुटेल.

तुमच्या वेळी वाघ दिसायचा, कारण न दिसण्याची त्याला सोयच नव्हती. पुढे गज, खाली फरशी, लपायला आडोसा नाही. तो सारखा येरझारा घालायचा आणि आपल्याला तो रुबाब वाटायचा. खरं तर अपुऱ्या जागेत कोंडलेल्या प्राण्याला जडलेला तो चाळा असतो. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम कडक झाले आणि हळूहळू पिंजऱ्यांच्या जागी मोठी आवारं आली. आता वाघाला झाडी आहे, पाणी आहे, आणि नको वाटलं तर माणसांकडे पाठ करून पडायला जागाही आहे. वाघाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. फक्त आता त्याला बघायचं तर आधी शोधावं लागतं, आणि शोधणं ही सवयीची गोष्ट आहे. ताई जो आठवडा म्हणतात, त्याचं काम ती सवय लावणं. प्राण्यांची नावं पाठ करून घेणं हे त्याचं काम नाही. ती तुमच्या नातवाला बहुधा आधीच येत असतील, आणि तरीही तो कावळ्यापाशीच बसला.

कावळ्याची बाजूही ऐकून घेऊ. साडेतीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम तीन-सव्वातीन फूट. तुम्हाला कठड्यावरून जे दिसतं, ते त्याला कठड्याच्या दांड्यांमधून आणि मोठ्यांच्या पायांमधून दिसतं. वाघ लांब, निश्चल, अर्धा झुडपाआड. कावळा हाताच्या अंतरावर, हलणारा, आणि वर पाव भिजवण्यासारखं अक्कलहुशारीचं काम करणारा! त्या वयाचं लक्ष जवळच्या आणि हलत्या गोष्टीकडे आधी जातं. नातवाने निवड चुकवली असं मला तरी वाटत नाही.

आता तयारीचं बोलू. बहुतेक घरांत ती मुखवट्यांपासून सुरू होते. कागदी बशी, पिवळा रंग, लोकरीची आयाळ. सिंह छान होतो, पण निम्म्याहून जास्त तो आईने केलेला असतो आणि मूल शेजारी बसून गोंद बोटांवर वाळवून सोलत असतं. हौस असेल तर करा, माझी हरकत नाही. मात्र आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी मोकळ्या असतील, तर त्या मुखवट्यावर घालवू नका.

एक संध्याकाळ पालीला द्या. हसू नका. ट्यूबलाइटजवळची पाल हा घरबसल्या मिळणारा उत्तम धडा आहे. दिवे लागल्यावर दोघांना खाली सतरंजीवर पाठ टेकून झोपवा आणि विचारा, पाल आता काय करील? आधी काहीच घडत नाही. मग शेपटीचं टोक हलतं. मग एक पाय, थांबा, दुसरा पाय. किडा उडाला तर ती पुन्हा दगडासारखी. बराच वेळ पाहिलंत तर ती जिभेने स्वतःचा डोळा चाटताना दिसेल, कारण तिला आपल्यासारख्या उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतात. सापालाही नसतात, त्यामुळे तो झोपला तरी डोळे उघडेच. सर्पालयात काचेपुढे उभी राहणारी निम्मी माणसं 'हा जागा आहे की मेलाय?' असं विचारत असतात. तुमची नात त्यांना उत्तर देईल. पण पालीकडून मिळणारी खरी गोष्ट म्हणजे काही न घडणारी पाच मिनिटं पोटात घालायची तयारी. प्राणिसंग्रहालयात याच एका गोष्टीची चणचण असते.

पालीनंतर माऊ. सोसायटीतली मांजर दुपारी दोन वाजता काय करते, ते दोघांना बघून यायला सांगा. गाडीखाली किंवा जिन्यात ती आडवी पडलेली असेल. तिची सगळी भावंडं तशीच. सिंह तर दिवसाच्या चोवीस तासांतले वीस तासांपर्यंत लोळण्यात काढतो. शिकार पहाटे, संध्याकाळी, रात्री. भर दुपारी विश्रांती. म्हणजे वाघ झोपलेला होता हे तुमचं दुर्दैव नव्हतं, तुमची वेळ तशी होती. दारं उघडल्या उघडल्या गेलात तर तो उठून फिरताना दिसायची शक्यता अधिक. आणि झोपलेलाच असला, तरी काय पाहायचं ते मुलांना ठाऊक हवं. पोट वरखाली होतंय का? कान वळतोय का? त्या कानामागे पांढरा ठिपका आहे, तो कुणाला आधी दिसतो? शंभर मोजून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढा एकच नियम करा. नातवाला शंभरपर्यंत येत नसतील तर नात मोजेल, मोठ्या आवाजात आणि बहुधा दोनदा.

शोधण्याचा सराव गॅलरीतल्या कुंड्यांत होतो. खेळण्यातला पट्ट्यांचा वाघ क्रोटनच्या पानांत असा खोचा की फक्त शेपूट किंवा एक कान बाहेर राहील. मग 'वाघ कुठाय?' मुलं आधी सगळा वाघ शोधतात आणि हरतात. दोन-तीन डावांनंतर तुकडा शोधायला शिकतात. नात नक्की विचारेल, की वाघ एवढा भडक केशरी, मग तो हरणांना कसा दिसत नाही? तिला सांगा, हरणाच्या डोळ्यांना तांबडा-केशरी रंग आपल्यासारखा वेगळा कळत नाही, त्याला तो हिरवट पिवळ्या गवतातच मिसळून गेल्यासारखा दिसतो. त्यावर पट्टे म्हणजे गवताच्या सावल्याच.

दुसरी संध्याकाळ हत्तीची, आणि त्यासाठी लागते सुतळी. चित्रांच्या पुस्तकात हत्ती आणि ससा एकाच मापाच्या चौकटीत बसवलेले असतात. मोठ्यांना त्यातली गंमत कळते. मुलाकडे मात्र मोजायला दुसरं मापच नसतं. ते आपण देऊ. हत्तीच्या माणसांना माहीत असलेला एक जुना ठोकताळा आहे : पुढच्या पायाचा घेर दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची येते. आपल्याकडची मोठी हत्तीण साधारण आठ फूट उंच, म्हणजे पायाचा घेर चार फूट. चार फूट सुतळी कापा, गाठ मारा आणि जमिनीवर गोल ठेवा. ती परातीएवढी जागा म्हणजे हत्तिणीचा एक पाय. दोघांना त्यात उभं करा; एकमेकांना धरून, चिकटून, पाय न सांडता दोघं मावतात. मग तशीच दुप्पट सुतळी भिंतीला लावा. ती दाराच्या चौकटीच्याही वर जाते, घड्याळ टांगतो तिथवर. हे बघून नातू काय बोलतो ते मला जरूर कळवा.

त्याच दिवशी पिचकारी काढा. हत्ती सोंडेने पाणी पितो असं आपण सर्रास म्हणतो, आणि मुलांना वाटतं की आपण शहाळ्यात नळी घालून पितो तसंच ते. तसं नसतं. सोंड म्हणजे लांबलेलं नाक आणि वरचा ओठ. त्यातून पाणी प्यायला गेला तर हत्तीलाही आपल्यासारखाच ठसका लागेल. तो सोंडेत पाणी ओढून घेतो, सोंड वळवून तोंडात धरतो आणि पाणी आत सोडतो. होळीची पिचकारी भरून पेल्यात रिकामी केली की हे न सांगता कळतं. सोंडेत हाड एकही नाही, सगळे स्नायूच. म्हणून ती झाडाची फांदीही मोडते आणि जमिनीवरचा शेंगदाणाही उचलते.

पेंग्विनबद्दलही एक खुलासा करतो, कारण इथे ताईसुद्धा फसतात. शाळेत पेंग्विन म्हटलं की निळ्या कागदावर कापसाचा बर्फ चिकटवला जातो. राणीच्या बागेत 2016 साली आलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथे बर्फ नाही. खडक आहेत, वाळवंटासारखा कोरडा किनारा आहे आणि शेजारून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. म्हणून त्यांना गारवा लागतो, पण हिमाचे डोंगर लागत नाहीत. कापसाचं चित्र डोक्यात घेऊन गेलेलं मूल काचेपुढे उभं राहून 'बर्फ कुठाय?' एवढंच विचारत राहतं. कापूस वातींसाठी राहू द्या.

आवाजांचा खेळ मात्र अवश्य घ्या, कारण आपल्या भाषेची त्यात चैन आहे. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, सापाचा फुत्कार, घुबडाचा घूत्कार, माकडाचा भुभुःकार. एकाने आवाज काढायचा, दुसऱ्याने शब्द सांगायचा. फक्त निघताना बजावा, की हे आवाज घरचे. तिथे जाऊन वाघापुढे डरकाळी फोडायची नाही. आणि माकडाने दात दाखवले तर ते हसत नाही. बहुतेक वेळा ते घाबरलेलं किंवा चिडलेलं असतं.

यावरून खाऊचा मुद्दा आला. तुमच्या पिढीने माकडांना शेंगदाणे घातलेत, मीही घातलेत. आज 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, डिवचणं, आरडाओरडा करून त्रास देणं हा गुन्हा आहे. मुलाला कायदा सांगून उपयोग नाही, त्याला डबा सांगा. तिथे प्रत्येक प्राण्याचा डबा ठरलेला असतो. कुणाला मांस, कुणाला गवत, कुणाला मासळी, तेही मोजून. घरी चार वाट्या मांडा, गाजर, पालक, केळं ठेवा आणि दोघांना खेळण्यांतल्या प्राण्यांचे राखणदार करा. मग नातीला विचारा, राखणदाराने मोजून दिलेल्या डब्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण मूठभर वेफर्स टाकू लागला, तर काय होईल? 'पोट दुखेल' हे उत्तर तिच्याकडूनच येईल आणि म्हणून टिकेल.

यात शास्त्रबिस्त्र काही आहे का, असं सूनबाई विचारतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं केली. मूल हाताळतं ते त्याला कळतं, हा त्यातला गाभा. सुतळी आणि पिचकारी त्याच जातीची. तेव्हा खूळ असलंच तर नवं नाही.

तिथे पोचल्यावर सगळी बाग पालथी घालू नका. राणीची बाग पन्नासहून अधिक एकरांची. कधी पुण्याला गेलात, तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय 130 एकरांचं. तिथे साडेतीन वर्षांचे पाय नव्हे, मोठ्यांचे गुडघेही बोलतात. घरी ज्यांच्याशी ओळख झाली, असे तीन-चार प्राणी ठरवून पाहा. बाकीचे दिसले तर दिसले. नातू पुन्हा कावळ्यापाशी बसला तर त्यालाही शंभर मोजू द्या. आणि हत्तीचं माप ताडायचंच असेल, तर शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो कधी झोपत नाही, कधी झाडीत जात नाही. ज्याच्यामुळे घारापुरीला एलिफंटा हे नाव पडलं तोच हा. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तो उचलतानाच तुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला.

राहता राहिला तुमचा बेत. प्राण्यांनाही आठवड्यातून एक दिवस माणसांपासून सुट्टी मिळावी, असा नियम आहे. राणीच्या बागेत तो दिवस बुधवार. दगडी हत्तीचं संग्रहालयही बुधवारीच बंद असतं. सूनबाईंना सुट्टी गुरुवारी मागायला सांगा. बुधवारची संध्याकाळ पालीसाठी मोकळी आहेच.