३.४ खाद्यपदार्थांची नावे आणि भाषासंपर्क

विद्यार्थी मित्रांनो, या उपघटकात आपण नव्या वस्तूला भाषा नाव कसे देते, हे पाहणार आहोत. उदाहरणासाठी उपवासाची साबुदाण्याची खिचडी घेऊ.

एकादशीला घरोघरी होणारा आणि प्रवासात उपाहारगृहातही मिळणारा हा पदार्थ आपल्याला पूर्वापार वाटतो. परंतु बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो तो टॅपिओकाचा कंद ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. १४९८ मध्ये पोर्तुगीज जहाजे कालिकतला पोहोचली. त्यानंतरच्या काळात ही पिके भारतात रुजली.

नामकरणाच्या तीन रीती येथे आढळतात :

(अ) वस्तूबरोबर नावही स्वीकारणे : 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजमधून आला. हिंदीने मात्र कंदासाठी असलेला 'आलू' हा जुना शब्द योजला.

(आ) जुन्या नावाचा विस्तार करणे : तिखटपणाच्या साम्यामुळे 'मिरी'शी नाते सांगणारा 'मिरची' हा शब्द रूढ झाला.

(इ) वर्णनातून शब्द घडवणे : 'भुई' आणि 'मूग' मिळून 'भुईमूग'.

व्रताच्या ताटानेही ज्यांना आपले मानले, ते पदार्थ परके उरत नाहीत. शब्दांचेही तसेच आहे. म्हणून केवळ उगम परकीय आहे एवढ्यावरून एखादा शब्द 'अशुद्ध' ठरवणे योग्य नाही. तो भाषकांच्या वापरात किती रुजला, हे पाहावे लागते.

स्वयं-अध्ययन : पुढील प्रवासात एखाद्या उपाहारगृहाच्या मेनूकार्डावरील पाच नावे नोंदवा. ती वरीलपैकी कोणत्या रीतीत बसतात, ते सकारण लिहा.