अस्थी आणि प्रदक्षिणापथ

तथागतांच्या अस्थींचे आठ भाग होऊन त्यांवर स्तूप उभे राहिले, हे आपण जाणतो. मध्ययुगीन युरोपातही संतांच्या अस्थींनी वास्तू घडविल्या. फ्रान्समधील काँकच्या मठाने नवव्या शतकात फोय या हुतात्मा बालिकेच्या अस्थी आझाँ गावातून चक्क पळवून आणल्या! त्यांसाठी सोन्याने मढविलेली मूर्ती केली. काँक हे स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गावर असल्याने यात्रेकरू लोटले. प्रार्थनेत खंड न पडता त्यांना अस्थींपर्यंत जाता यावे म्हणून अकराव्या शतकातील नव्या चर्चमध्ये वेदीमागून अर्धवर्तुळाकार वाट ठेवली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपामागून फिरलेल्यांना ती ओळखीची वाटेल. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, गरज तेवढी सारखी.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभे राहणारे आम्ही त्या यात्रेकरूंना हसणार नाही. मात्र अस्थींजवळ गेल्याने रोग बरे होतात, ही त्यांची समजूत धम्माच्या कसोटीवर टिकत नाही.

राजा नववा लुई याने येशूचा मानला गेलेला काटेरी मुकुट १२३९ मध्ये पॅरिसला आणला. त्यासाठी बांधलेले सेंट शापेल हे प्रार्थनागृह १२४८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंती म्हणजे जवळजवळ रंगीत काचाच. मुकुटाला मोजलेली रक्कम मात्र या बांधकामाच्या खर्चाहून कितीतरी अधिक होती.