थायमस ग्रंथीचे लसीकार्बुद : निदान व उपचार

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते व तारुण्यानंतर आकसत जाते. म्हणून शास्त्रीय परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे अन्वर्थक नाव आहे. तिचे कार्य दीर्घकाळ अज्ञात होते. १९६१ साली जाक मिलर या शास्त्रज्ञाने लंडन येथे उंदरांवर प्रयोग करून ते उघड केले. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या ‘टी’ लसीकापेशींची ती जणू पाठशाळाच होय.

कधी कधी या ग्रंथीतील लसीकापेशी बेसुमार वाढू लागतात. या कर्करोगास लसीकार्बुद अथवा लिम्फोमा म्हणतात. तो पुष्कळदा ऐन तारुण्यात उद्भवतो. छातीच्या या अरुंद भागात श्वासनलिका व मोठ्या शिरा दाटीने वसलेल्या असल्यामुळे गाठ वाढली की खोकला, धाप आणि चेहऱ्यावर सूज ही लक्षणे दिसतात. त्यांच्या जोडीला ताप, रात्रीचा घाम व वजनातील घट असू शकते.

यांतील बरीच लक्षणे क्षयरोगाचीही आहेत, आणि येथेच घोटाळा होतो. क्षयरोग आपल्या देशात फार आढळत असल्याने पुराव्यावाचून त्याचीच औषधे सुरू झाली, तर मोलाचे महिने वाया जातात. क्ष-किरणचित्रात केवळ सावली दिसते. रोगाचे नाव ठरते ते बायॉप्सीने. पोकळ सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सुई लावल्याने रोग पसरतो, ही घरोघरी ऐकू येणारी भीती या रोगाच्या बाबतीत निराधार आहे. त्यानंतर सीटी व पेट तपासणीने रोगाचा विस्तार कळतो.

अचूक नाव हवे, कारण प्रत्येक प्रकाराचा उपचार निराळा. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेला प्रकार, ‘बी’ पेशींचा प्रकार आणि कोवळ्या ‘टी’ पेशींचा प्रकार यांना वेगवेगळे औषधसमूह लागतात. ‘बी’ प्रकारात रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची जोड देतात. कोवळ्या ‘टी’ पेशींच्या प्रकाराचा उपचार रक्ताच्या कर्करोगाप्रमाणे दोन-अडीच वर्षे चालतो. गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकणे हा मुख्य उपचार नव्हे. कित्येकदा किरणोपचारही टाळता येतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बी’ प्रकाराच्या ५१ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९७ टक्के आढळले.

तात्पर्य, कर्करोग या शब्दानेच धीर सोडू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांनी बायॉप्सी सुचविल्यास ती लांबणीवर टाकू नये. योग्य वेळी झालेले निदान हाच या रोगावरील अर्धा विजय होय.